दोन मात्रांमधली जागा

खाली बसा. खुर्चीवर असाल तर तिथेच बसा, फक्त पाठ टेकलेली असेल तर ती सोडवून घ्या. डावा हात मांडीवर उताणा ठेवा. उजव्या हाताने त्यावर टाळी द्यायची आहे, अगदी हलकी, शेजारच्या खोलीत कळणार नाही इतकी. आपण तीनताल धरणार आहोत. मात्रा १६, चार-चारांचे चार विभाग. पहिल्या मात्रेवर टाळी, ती सम. पाचव्या मात्रेवर टाळी. नववीवर टाळी नाही, हात नुसता बाजूला उलगडायचा, तो काल. तेरावीवर पुन्हा टाळी. मधल्या मात्रा बोटांवर मोजत जा.

एकेका मात्रेला दोन सेकंद द्या, म्हणजे आवर्तन ३२ सेकंदांचं होईल. मनात ठेका म्हणा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. चार-पाच आवर्तनं होऊ द्या. मग पुढे वाचा.

बहुतेक सगळ्यांची लय एव्हाना वाढलेली असते. कोणी घाई केलेली नसते, कुठे जायचं नसतं, तरी ती वाढते. एक मात्रा संपली आणि दुसरी अजून आली नाही, त्या मधल्या जागेत काय करायचं ते मनाला ठाऊक नसतं. मग ते पुढच्या मात्रेकडे धाव घेतं आणि हात त्याच्यामागे जातो. कथक शिकायला येणारा प्रत्येकजण, सात वर्षांचा असो की सत्तेचाळीस वर्षांचा, ही धाव सोबत घेऊन येतो. पुढे तत्कार येतो, हस्तक येतात, तुकडे, परणी, चक्कर, गतनिकास, अभिनय असं पुष्कळ काही येतं. पण त्या सगळ्याच्या तळाशी मला वर्षानुवर्षं एकच शिक्षण चाललेलं दिसतं, त्या मधल्या जागेत उभं राहता येण्याचं. आज आपण त्याच जागेकडे पाहू.

पुन्हा ठेका धरा, आणि या वेळी फक्त डग्ग्याकडे, तबल्याच्या जोडीतल्या डाव्या वाद्याकडे, कान ठेवा. तबला नसेल तर मनातला ऐका. ‘धा’ आणि ‘धिं’मध्ये डग्ग्याचा घुमारा असतो. कालाची मात्रा ओलांडून आपण ‘तिं तिं ता’कडे गेलो की तो घुमारा थांबतो, खालची जमीन काढून घेतल्यासारखं वाटतं. मग तेराव्या मात्रेवर टाळी येते, तरी डग्गा येत नाही. तिथे अजून ‘ता’च असतो. डग्गा परततो चौदाव्या मात्रेवर, ‘धिं’बरोबर. टाळी पडली आणि घुमारा अजून यायचा आहे, हा एका मात्रेचा काळ नीट ऐका. ज्याला तो ऐकू येतो त्याला समेची वाट मोजावी लागत नाही. सम कुठे आहे ते त्याच्या अंगाला कळलेलं असतं.

हे ऐकू येण्यासाठी दोन-तीन आवर्तनं आणखी घ्या. मी थांबते.

आता उभे राहा. पायांत काही घालू नका. पावलं समांतर, गुडघे सरळ पण ताठर नाहीत. भरतनाट्यमसारखी अर्धमंडलाची बैठक कथकात नाही. इथे माणूस रोज उभा राहतो तसाच उभा राहतो, आणि ते सोपं वाटतं. दोन्ही पायांवर वजन सारखं आहे का, ते पाहा. बहुधा नसतं. आपण आयुष्यभर एका पायावर जास्त भार टाकून उभे राहिलेलो असतो, बसथांब्यावर, ओट्यापाशी, रांगेत, आणि ते आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

तत्काराचे बोल म्हणा: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पहिल्या चार बोलांना उजवा, डावा, उजवा, डावा. पुढच्या चारांना डावा, उजवा, डावा, उजवा. म्हणजे ‘तत्’ डाव्याने पडला आणि लगेच ‘आ’साठीही डावाच उचलायचा आहे. पूर्ण तळवा जमिनीवर, टाच आणि चवडा एकाच वेळी. प्रत्येक मात्रेला एक पाऊल. सावकाश.

जिथे अडखळायला होतं ती जागा हीच, ‘तत्’ आणि ‘आ’च्या मधली. उजव्या पायाने सुरुवात करण्याची शरीराला इतकी सवय असते की डाव्याकडे पुढाकार आला की ते क्षणभर गोंधळतं. ज्या कोणी ही आठ पावलांची रचना केली त्यांनी डाव्या पायाला त्याचा वाटा देऊन ठेवला आहे. दुबळ्या बाजूला दर आठ पावलांनी एकदा पुढे यावंच लागतं. पावलं चुकली तर चुकू द्या, ठेका चालू ठेवा, पुढच्या ‘ता’ला पुन्हा उजव्याने मिळा.

मग पावलांकडचं लक्ष काढून घ्या आणि दोन पावलांच्या मध्ये काय होतं तिकडे न्या. उजवं पाऊल जमिनीवर आहे, डावं उचललेलं आहे. या क्षणी सगळं शरीर उजव्या पायावर उभं आहे. ते तिथे स्वस्थ आहे का? की डावं लवकर खाली यावं म्हणून कासावीस आहे? खांदे वर चढलेत का? श्वास धरून ठेवलाय का? पाऊल टाकणं सगळ्यांना येतं. उचललेलं पाऊल मात्रा येईपर्यंत वर ठेवता येणं, आणि तेवढ्या वेळात चेहरा, मान, खांदे मोकळे राहणं, याला फार वेळ लागतो. नवख्या विद्यार्थ्याचा आवाज थप-थप येतो आणि जाणत्याचा एकसंध येतो, त्यामागचं कारण पायाच्या ताकदीत शोधू नका. ते या उचललेल्या पावलात आहे.

घुंगरू बांधल्यावर तर काहीच लपत नाही. सुती दोरीत एकेक घुंगरू स्वतंत्र गाठीने बसवलेलं असतं, म्हणून ती एकमेकांवर सरकत नाहीत आणि प्रत्येकाचा नाद सुटा राहतो. मुरलेले नर्तक एकेका पायात १०० आणि त्याहून जास्त बांधतात, मुलं थोड्यांपासून सुरुवात करतात. इतक्या घुंगरांतून मोजक्याच घुंगरांचा नाद काढणारे कलावंत आहेत. त्यांच्याकडे पाहताना लोक थक्क होतात ते नाद ऐकून. मला त्यातलं खरं कौशल्य बाकीची घुंगरं गप्प ठेवण्यात वाटतं.

बसून घ्या आता. थोडा वेळ नुसतं ऐका.

प्रगती म्हणजे वेग, असं आपण फार लवकर धरून चालतो. एकपट जमली की दुप्पट, मग चौपट. पालक विचारतात, चौपट आली का? विद्यार्थीही एकमेकांना हेच विचारतात. मोबाइलवर दिसणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या नृत्यातही चक्कर आणि द्रुत तत्कारच असतो, कारण तेवढ्या वेळात दुसरं काही पोचत नाही. द्रुत लयीचा आनंद मोठा आहे, तो कोणी नाकारू नये. पण गणित पाहा. दोन सेकंदांच्या मात्रेत चौपट म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक पाऊल, एका आवर्तनात ६४ पावलं, तत्काराचे आठ फेरे. या ६४ पावलांना सारखं अंतर हवं असेल तर मूळची दोन सेकंदांची मात्रा आत कुठेतरी अढळ चालू असली पाहिजे. ती नसेल तर चौपट फक्त जलद होते, चौपट होत नाही. ठाय, म्हणजे संथ लयीत राहिलेली चूक द्रुतमध्ये झाकली जाते आणि तिथेच घट्ट बसते. म्हणून ठाय लयीत कंटाळणाऱ्या विद्यार्थ्याला तिथेच आणखी काही महिने ठेवणारे गुरू मला दयाळू वाटतात, त्या विद्यार्थ्याला त्या वेळी काहीही वाटो.

इथे कथक नर्तकी आणि गुरू रोहिणी भाटे यांची आठवण येणं स्वाभाविक आहे. १९४७ साली पुण्यात त्यांनी नृत्यभारती ही संस्था सुरू केली तेव्हा त्या विशीत होत्या, आणि चांगल्या घरच्या मुलींनी नाचावं का, हा प्रश्न शहरात उघडपणे विचारला जात होता. लखनौचे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर या दोन गुरूंकडे त्या दीर्घकाळ शिकल्या. त्यांच्या शिकण्यातली मला सर्वांत मोलाची गोष्ट ही, की गुरूंनी दिलेलं अंगात मुरवताना त्या त्यावर विचारही करत राहिल्या आणि तो विचार मराठीत लिहून ठेवत गेल्या. ‘माझी नृत्यसाधना’ आणि ‘लहजा’ ही पुस्तकं त्यातूनच आली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९७९ मध्ये मिळाला, संस्था सुरू झाल्यावर ३२ वर्षांनी. २००८ मध्ये त्या गेल्या. तोवर पुण्यात घरोघरच्या मुली कथकाला जात होत्या, आणि त्यांतल्या अनेकींच्या आयांनीही एके काळी तत्कार केलेला होता. सहा दशकं एका शहरात एकच काम करत राहणं, ही विलंबित लय आहे.

आता तुमच्या शिकण्यातल्या एका विशिष्ट काळाकडे वळू. तुम्ही नृत्य शिकत नसाल तर जे काही शिकत आहात ते डोळ्यांपुढे आणा.

सुरुवातीचे महिने भरभर जातात. दर आठवड्याला काही नवं हाती येतं. मग एक दिवस असा येतो की काहीच पुढे सरकत नाही. तेच तुकडे, तेच हस्तक. त्यातून आणखी वाईट म्हणजे, आपण मागे चाललोय असं वाटू लागतं. कालपर्यंत जो तत्कार चांगला वाटत होता तो आज खडबडीत ऐकू येतो. हाताची कोपरं पडलेली दिसतात. शेजारची मुलगी सहज करते ते आपल्याला येत नाही, हे पहिल्यांदाच ठळक दिसतं. अनेकजण इथे सोडतात. परीक्षा, नोकरी, लग्न, अंतर, कारणं खरीही असतात, पण त्यांच्याआड हा काळही असतो.

या काळाकडे जरा शांतपणे पाहा. पाय बिघडलेले नाहीत. कान आणि डोळा पुढे गेले आहेत. जे आधी ऐकूच येत नव्हतं ते आता ऐकू येतं, आणि पायांना अजून तिथवर पोचायचं आहे. चूक ऐकू येणं आणि ती दुरुस्त होणं यांच्या मध्येही एक जागा आहे, ती कधी आठवड्यांची असते, कधी वर्षांची. तिथेही मन तीच धाव घेतं, एकतर काहीतरी नवं शिकवा म्हणतं, नाहीतर हे माझ्यासाठी नाहीच म्हणतं. दोन्हींचा अर्थ इथे थांबवत नाही एवढाच. आजवर ज्यांना मी चांगलं नाचताना पाहिलं त्या सगळ्यांनी या जागेत बराच मुक्काम केलेला होता.

तुमचा असा एखादा काळ आठवा. त्याला नाव देऊ नका, त्यातून काय मिळालं ते शोधू नका. तेव्हा अंगाला कसं वाटत होतं तेवढंच आठवा. दोन-चार श्वास तिथे राहा.

अशी मधली जागा चक्करांतही असते, त्यांबद्दल थोडंच सांगते. डाव्या टाचेवर शरीर फिरतं आणि नजर समोरच्या एका बिंदूवर राहते. मान अगदी शेवटी सुटते आणि सगळ्यांच्या आधी परत येते. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव शरीर थांबल्यावरही काही क्षण फिरत राहतो, म्हणून भोवळ येते. नजरेच्या या शिस्तीमुळे आणि सरावामुळे ती कमी होते. पण तो बिंदू दिसेनासा होतो असा एक क्षण प्रत्येक चक्करात असतोच. नवखा माणूस तिथे घाबरून मान आधीच फिरवतो आणि तोल जातो.

तिहाईकडे मात्र निवांत वळू या, कारण ती तुम्हाला आत्ता, बसल्या बसल्या करता येईल. पाच मात्रांचा एक साधा बोल घ्या: ता थेई थेई तत् थेई. प्रत्येक अक्षराला एक मात्रा. तो तीनदा म्हणायचा, आणि दोन बोलांच्या मध्ये एक मात्रा रिकामी सोडायची. या रिकाम्या मात्रेला दम म्हणतात. समेपासून सुरुवात करा. पाच मात्रा बोल, सहावी रिकामी, सातवीपासून अकरावीपर्यंत बोल, बारावी रिकामी, तेरावीपासून पुन्हा बोल. शेवटचा ‘थेई’ सतराव्या मात्रेवर येतो, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या समेवर. हातावर टाळी देत मोठ्याने म्हणून पाहा. मोठ्यानेच म्हणा, मनात नको. बोलांची पढंत गळ्यातून बाहेर आली की मगच कळतं ती आत किती पक्की होती.

आता दोन्ही दम गाळून तेच म्हणा. शेवटचा ‘थेई’ पंधराव्या मात्रेवर येतो आणि सम अजून दोन मात्रा दूर राहते. बोलातलं एकही अक्षर कमी झालेलं नाही. तरी तिहाई समेला मिळत नाही.

पुन्हा दमांसह म्हणा, आणि त्या दोन रिकाम्या मात्रांकडे पाहा. पहिला दम सहसा नीट पडतो. दुसरा आखूड होतो. समेचा वास लागलेला असतो, पोचण्याची हुरहुर असते, आणि बाराव्या मात्रेचा काही भाग आपण खाऊन टाकतो. रंगमंचावर तबलजी समोर असताना, श्रोते श्वास रोखून बसलेले असताना, तो दुसरा दम पूर्ण देणारा नर्तक पाहिला की मला भरून येतं. सगळ्या शरीरात गती असते, तरी ते त्या एका मात्रेपुरतं थांबू शकतं. ज्यांच्या पायाशी बसून शिकावं असं वाटतं ती माणसं मला अशा ठिकाणी ओळखू येतात.

अजून दोनदा म्हणा. दुसऱ्या दमाला पूर्ण मात्रा द्या.

अभिनयात ही जागा मोजायला मात्राही हाताशी नसतात. नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’त हात, दृष्टी, मन, भाव आणि रस यांचा एकामागून एक असा क्रम लावला आहे. शिकणारा सुरुवातीला हे सगळं एकदम करतो. हात जातो त्याच क्षणी भुवया वर जातात आणि ओठांवर हसूही येतं. वासकसज्जा नायिका घ्या. ती सजून बसली आहे, प्रियकर यायचा आहे. दारात चाहूल लागते. विद्यार्थिनी पटकन वळते आणि चेहऱ्यावर आनंद आणते. पाहणाऱ्याला आनंद दिसतो, पण चाहूल ऐकू येत नाही, कारण तिनेही ती ऐकलेली नसते. दार कुठे आहे, पाऊल उंबऱ्याबाहेर वाजलं की अंगणात, ते त्याचंच आहे की दुसऱ्या कोणाचं, हे तिला माहीत नसतं. आनंद काढायचा आहे एवढंच माहीत असतं. अशा वेळी, आधी ऐक, मग वळ, एवढीच सूचना पुरते, आणि ती वर्षानुवर्षं द्यावी लागते.

तुम्ही करून पाहा. डोळे मिटा. घरातला कुठला तरी आवाज ऐका, जिन्यावरचा, नळाचा, गाडीचा. तो ओळखू येईपर्यंत हलू नका. ओळखू आल्यावर तुमच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते फक्त बघा, त्याला मदत करू नका. जे आपोआप उमटेल ते फार बारीक असेल, कदाचित डोळ्यांच्या कडांपुरतंच. अभिनयाची सुरुवात तिथून होते. याच सवयीने पुढे माणसांशी बोलतानाही फरक पडतो. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तराचा चेहरा तयार ठेवण्याची जी आपली रीत असते ती थोडी सैल होते. हा फरक मी कथकातल्या अनेक मुलींमध्ये पाहिला आहे, आणि त्यांच्या घरच्यांनी तो माझ्याही आधी ओळखलेला होता.

हल्ली वर्गाबाहेरच्या बाकावर मुलीची वाट पाहत बसणाऱ्या बायका स्वतः शिकायला लागल्या आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. चाळिशीत, पन्नाशीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, या वयात काय येणार? गुडघे जपावे लागतात हे खरंच आहे. फरशीपेक्षा लाकडी जमीन बरी, पाऊल उंचावरून आपटायचं नाही, आणि डॉक्टरांनी नको म्हटलं असेल तर नको. २७ चक्करांची रांग कदाचित त्यांच्या वाट्याला येणार नाही. पण विलंबित तीनताल येतो, थाट येतो, गतनिकास येते, पढंत येते. विलंबितमध्ये त्या तरुण मुलींपेक्षा लवकर स्थिरावतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना त्या बसतात तेव्हा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या पायऱ्यांवर त्यांच्या शेजारी त्यांच्या मुलींच्या वयाची मुलं असतात, आणि परीक्षक दोघांनाही हातावर टाळी देऊन ठेका म्हणायला सांगतात. त्या टाळीला वय नसतं. परीक्षा द्यावी. नेमलेला अभ्यास अंगाला वळण लावतो. मात्र प्रमाणपत्रावर जी पायरी छापलेली असते ती आणि तुमची लय जिथे उभी आहे ती पायरी वेगळी असू शकते, आणि दुसरी फक्त तुम्हाला आणि तुमच्या गुरूंना ठाऊक असते.

शेवटी एक काम सांगते. ते वर्गातच करता येईल.

कोणी दुसरी मुलगी नाचत असते तेव्हा बाकीच्या भिंतीला टेकून पाणी पीत बसतात. तुम्ही त्या वेळी पुढे बसा आणि तिच्यासाठी ताल धरा, पढंत करा. आता नाच तिचा आहे आणि लय तुमच्या हातात आहे. ती अडखळेल, तेव्हा तुमचा हात तिला सांभाळायला मंद होऊ पाहील. ती चांगली नाचू लागेल, तेव्हा तुमचाच उत्साह लय वाढवू पाहील. दोन्ही वेळी मात्रा जिथे होती तिथेच ठेवा. तिचा पाय उचललेला असताना पुढचा बोल लवकर देऊ नका. तिहाईतल्या दुसऱ्या दमाला तिने जितका वेळ घेणं आवश्यक आहे तितका तिला तुमच्या टाळीतून मिळाला पाहिजे. ती समेवर आली की ठेका तसाच चालू ठेवा, आणि पुढचा तुकडा कोणता घ्यायचा ते तिला विचारा.